न्यूयॉर्कमध्ये जॅझचा एक आठवडा: जेवणाचे क्लब की तळघरं?

उन्हाळा आला की ओळखीतलं कुणी ना कुणी न्यूयॉर्कला येतं आणि विचारतं, "आठवडाभर आहोत, जॅझ ऐकायचाय, कुठे जाऊ?" कोण कुठे वाजवतंय ते प्रत्येक क्लबच्या संकेतस्थळावर दिसतंच, त्यासाठी माझी गरज नाही. मी उलट विचारतो, ऐकता ऐकता जेवायचंय का? नावं पाहून तिकीट काढणाऱ्यांना हा प्रश्न फालतू वाटतो. माझ्या अनुभवात मात्र संध्याकाळ कशी जाणार ते वाजवणाऱ्यापेक्षा यावर जास्त ठरतं.

इथल्या क्लबांची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एकीकडे स्वयंपाकघर असलेले: ग्रीनिच व्हिलेजमधलं ब्लू नोट, चव्वेचाळिसाव्या रस्त्यावरचं बर्डलँड, कोलंबस सर्कलचं डिझीज, वर ब्रॉडवेला एकशे सहाव्या रस्त्याजवळचं स्मोक. दुसरीकडे तळघरं: व्हिलेज व्हॅनगार्ड, स्मॉल्स आणि स्मॉल्सच्याच रस्त्यावरचं मेझ्रो. इथे तिकीट काढा, एखादं पेय घ्या आणि ऐका.

जेवणाच्या क्लबांची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. डिझीज हे जॅझ अॅट लिंकन सेंटर या संस्थेच्या वास्तूत, पाचव्या मजल्यावर आहे. २००४ साली सुरू झालं. वादकांच्या पाठीमागे भिंतभर काच, काचेपलीकडे सेंट्रल पार्क आणि खाली चौकात फिरणारे गाड्यांचे दिवे. पहिल्यांदा न्यूयॉर्क बघणाऱ्या माणसाला तिथे नेलं की तो तिथेच जिंकला जातो, पुढे संगीत कसंही असो. (सहसा ते चांगलंच असतं.) ब्लू नोट १९८१चं. एरवी मोठ्या सभागृहात दुर्बीण लावून बघावे लागतील असे कलाकार तिथे हाताच्या अंतरावर बसलेले दिसतात. पियानोवादक रॉबर्ट ग्लास्पर तर ऑक्टोबरमध्ये महिना महिना तिथे मुक्काम ठोकतो, नवनवे पाहुणे घेऊन. टेबलं मात्र दाटीवाटीची. अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून बसायची तयारी हवी. बर्डलँडला संध्याकाळी साडेपाचचे कार्यक्रमही असतात, म्हणजे नदीपलीकडे न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाला जेवायच्या वेळेला घरी पोचता येतं. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या 'बर्ड' या टोपणनावावरून ज्याला नाव पडलं ते १९४९चं मूळ बर्डलँड ब्रॉडवेवर होतं, ते साठच्या दशकात बंद पडलं. आताचं त्याच नावाचं, पण जागा वेगळी. मला याचं उगाच थोडं वाईट वाटतं.

सोबत येणाऱ्याला जॅझचं वेड नसेल तर मी डोळे झाकून याच घराण्याकडे पाठवतो. बायकोला पियानो आवडतो, सॅक्सोफोन अर्ध्या तासापुरता चालतो, ढोल-ताशा सोडून कुठलाही तालवाद्याचा सोलो तिला लांबलेला वाटतो. अशा वेळी समोर चांगला पदार्थ असला की संसार टिकतो.

खर्चाचं एक सांगून ठेवतो, कारण नवखे लोक इथे फसतात. तिकिटाचा आकडा म्हणजे संध्याकाळचा आकडा नव्हे. जेवणाच्या क्लबात माणशी किमान खाण्यापिण्याची अट असते, बऱ्याच ठिकाणी २० डॉलर किंवा त्याहून जास्त. त्या अटीत दोन पेयं बसतात, धड जेवण बसत नाही. मग वर ८.८७५ टक्के विक्रीकर आणि साधारण २० टक्के टिप. म्हणजे मेनूवर ३० डॉलरचा दिसणारा पदार्थ ३९ला जातो. शाकाहारी असाल तर त्या पैशात बटाट्याचे काप आणि एखादं सॅलड खाऊन उठायचीही वेळ येते. व्हॅनगार्डचं तिकीट ४० डॉलरच्या आसपास आणि वर एका पेयाची अट. सोडा घेतलात तरी चालतं, कुणी भुवई उंचावत नाही.

पण पैशांवरून माझं ठरलं नाही. ठरलं ते बिलावरून.

एका जेवणाच्या क्लबात गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण हे कमीअधिक प्रमाणात अशा सगळ्याच जागी होतं. त्रिकूट वाजवत होतं: पियानो, ड्रम आणि बास, म्हणजे माणसाएवढं उंच, जाड तारांचं तंतुवाद्य. शेवटून दुसरी रचना, संथ. पियानो थांबला, ड्रमरने ब्रश मांडीवर ठेवले आणि बासवाल्याने एकट्याने वाजवायला घेतलं. बासचा सोलो म्हणजे या संगीतातला सगळ्यात हळू आवाजाचा भाग. माणूस जाड तारेवरून बोट सरकवतो ते घासणंसुद्धा ऐकू यावं, अशी ती वेळ. आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या टेबलावर बिलाची काळी पुस्तिका आली. वेटरने छोटा टॉर्च लावला. "हे दोघांत विभागायचं का?" कार्डाचं यंत्र पीं करून वाजलं, कार्ड नाकारलं गेलं, दुसरं निघालं. मग आमच्या टेबलावर तेच. मी टिपेचा हिशेब करत होतो आणि बासवाला डोळे मिटून वाजवत होता. टाळ्या पडल्या तेव्हा मी सही करत होतो.

पुढे लक्षात येत गेलं की हे त्या एका संध्याकाळचं दुर्दैव नव्हतं, ही पद्धतच आहे. रात्रीतून दोन खेळ असतात. पहिला संपला की अर्ध्या-पाऊण तासात खोली रिकामी करून, टेबलं पुसून, बाहेर थंडीत उभी असलेली रांग आत घ्यायची असते. प्रत्येक टेबलाचं बिल मोठं, चौघांचं वेगवेगळं, त्यात कुणाला पदार्थ बदलून हवा असतो. हे सगळं संगीत संपल्यावर करायला घेतलं तर दुसरा खेळ वेळेवर सुरूच होणार नाही. म्हणून ते शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत उरकतात. आणि कुठलाही शहाणा वादक शेवटच्या जल्लोषाआधी काय ठेवतो? संथ रचना. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत; त्यांची गाठ पडते ती नेमकी माझ्या कानात. वेटरचा यात काही दोष नाही, त्याचं पोट टिपेवर चालतं.

आपले कान मैफलीत तयार झालेले असतात, म्हणून कदाचित हे जास्त बोचत असेल. आपल्याकडेही महोत्सवात मंडपाबाहेर वडे तळले जातात, लोक मध्येच उठतात, चहा पिऊन येतात. पण वडा बाहेर राहतो. विलंबित चालू असताना कुणी मांडीवर हिशेब आणून ठेवत नाही.

आता तळघर. व्हॅनगार्ड १९३५पासून सेव्हन्थ अॅव्हेन्यू साउथवर त्याच जागी आहे. लाल दरवाजा, अरुंद जिना, पंधरा पायऱ्या आणि खाली एक त्रिकोणी खोली, जेमतेम सव्वाशे माणसांची. त्रिकोणाच्या टोकाला मंच. मॅक्स गॉर्डनने सुरू केलं, १९८९ साली तो गेल्यावर बायको लोरेनने चालवलं, २०१८ साली तीही गेली, आता मुलगी बघते. स्वयंपाकघर कधीकाळी होतं, आता ते वादकांच्या बसायची खोली म्हणून वापरतात. माझ्या दृष्टीने स्वयंपाकघराचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. १९५७ साली सॉनी रोलिन्सचं, १९६१ साली जॉन कोल्ट्रेनचं, अशी दोन मोठ्या सॅक्सोफोनवादकांची ध्वनिमुद्रणं याच खोलीत झाली. खेळ सुरू होण्याआधी फोन बंद करायला आणि गप्पा आवरायला सांगतात, आणि लोक ऐकतात. बिल इथेही येतं, पण एका पेयाचं. निदान मी गेलो तेव्हा तरी ते दोन नोटा ठेवून मिटलंय.

पूर्ण शांतता मिळते असं छातीठोकपणे म्हणणार नाही. पियानोवादक बिल एव्हन्सच्या त्रिकुटाने २५ जून १९६१च्या रविवारी इथे जे वाजवलं, त्या मुद्रणात ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबूज स्पष्ट ऐकू येते. त्यातला बासवादक स्कॉट लाफॅरो पुढच्या पंधरवड्यातच मोटार अपघातात गेला, अवघ्या पंचविशीत. आज ते मुद्रण ऐकताना वाटतं, काय हे लोक, कशावर बोलत होते! पण ती किणकिण मला खटकत नाही. ग्लास ठेवणारा ग्लास ठेवून पुन्हा ऐकू शकतो. टिपेचे टक्के काढणारा ऐकू शकत नाही.

या खोलीची खरी मौज आठवड्यात आहे, आणि तुमच्याकडे आठवडा आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय. मंगळवार ते रविवार बहुधा एकच संच, रोज दोन खेळ, आठ आणि दहाला. मंगळवारी ते एकमेकांकडे बघून वाजवतात, कागद समोर असतात, शेवट कधी करायचा ते मानेने सांगतात. शनिवारपर्यंत कागद गायब. तीच रचना दुप्पट लांब झालेली असते आणि ड्रमर भलतीकडेच घेऊन गेलेला असतो. रोज नवा क्लब, नवं नाव असा बेत आखण्यापेक्षा एकच संच मंगळवारी आणि पुन्हा शनिवारी ऐकावा. राग तोच, बैठक वेगळी, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सोमवार मात्र वेगळा: त्या दिवशी व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा. ट्रम्पेटवादक थॅड जोन्स आणि ड्रमर मेल लुईस यांनी फेब्रुवारी १९६६मध्ये सुरू केलेली सोमवारची प्रथा. सोळा माणसं त्या टोकात कशी मावतात कोण जाणे. पुढच्या टेबलावर बसलात तर ट्रॉम्बोनची नळी तुमच्या ग्लासाच्या वर येते.

सासरे आले होते तेव्हा त्यांना व्हॅनगार्डला नेलं. त्यांनी बरीच वर्षं तबला शिकवलाय. ड्रमच्या बाजूच्या बाकावर बसले, पहिली दोन गाणी मख्ख. मग माझ्याकडे झुकून म्हणाले, "जावईबापू, हा माणूस ठेका धरतच नाही, ठेक्याच्या आजूबाजूने फिरतो. पण सम चुकत नाही हो त्याची." त्यांना सगळं आवडलं, फक्त परत वर चढताना एका हाताने कठडा आणि एका हाताने मला धरून एकेक पायरी घ्यावी लागली. गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील तर माझा सल्ला तिथेच संपतो. सरळ डिझीज, लिफ्टने वर.

स्मॉल्स हे याच घराण्यातलं धाकटं. १९९४ साली वेस्ट टेन्थ स्ट्रीटवर सुरू झालं, तेव्हा मद्याचा परवानाही नव्हता. दहा डॉलर द्या आणि पहाटेपर्यंत बसा असा मामला. मध्ये बंद पडून पुन्हा उभं राहिलं. साठ-सत्तर माणसं, लाकडी खुर्च्या ओळीने, उशिरा आलात तर मागे उभं राहणं. मध्यरात्रीनंतर कोणीही वाद्य घेऊन चढतं. त्यातली काही पोरं अजून शिकतायत हे ऐकू येतं, काही मात्र पाच वर्षांनी व्हॅनगार्डला दिसतील अशी वाजवतात. जिथे ही निवड आपल्या कानाने करायची असते त्या जागी मला एकट्याने जायला आवडतं. कुणाला सोबत नेलं की त्याला मजा येतेय ना याचीच काळजी. मेझ्रो २०१४चं, पियानो आणि बास यांच्यासाठीच जणू काढलेलं. तिथे खोकायचीही चोरी वाटते. बासचा सोलो संपूर्ण ऐकायचा असेल तर तिकडे जा.

जेवणाचं काय, हा प्रश्न उरतोच. मॅकडूगल स्ट्रीटवर मामून्स हे १९७१पासूनचं फलाफलचं, म्हणजे तळलेल्या चण्याच्या वड्यांचं, दुकान आहे. फलाफल शाकाहारी, स्वस्त, उभ्या उभ्या खाता येतं, आणि तिथून व्हॅनगार्ड चालत दहा मिनिटांवर. तिखट सॉस मागताना जपून, तो आपल्यालाही झोंबतो. व्हॅनगार्डला जागा ठरलेल्या नसतात, आधी येईल त्याला पुढची, म्हणून आठच्या खेळाला साडेसातच्या आत पोचलेलं बरं. जर्सी सिटीत उतरला असाल तर जर्सीला जाणाऱ्या पाथ रेल्वेचं ख्रिस्टोफर स्ट्रीट स्टेशन हाकेवर आहे. ती रात्रभर चालते, पण उशिरा गाड्या कमी असतात आणि होबोकेनला वळसा घालून जातात. दहाच्या खेळानंतर घरी पोचायला एक वाजेल असं धरून चाला. जर्सीत आणखी आत, एडिसनला राहणाऱ्यांनी पेन स्टेशनच्या गाड्यांचं वेळापत्रक आधी बघून आठचाच खेळ घ्यावा.

मला कुणी सात रात्री दिल्या तर एक रात्र डिझीजला देईन, तीही बायकोसाठी आणि त्या काचेसाठी. ब्लू नोटला ठरावीक नाव असेल तरच, बारवरच्या जागेचं तिकीट काढून. तिथे बिल तरी पटकन मिटतं. सोमवारी ऑर्केस्ट्रा, मंगळवार आणि शनिवार व्हॅनगार्डचा तोच संच, मध्ये एक रात्र स्मॉल्सला, झोप येईपर्यंत. उरलेल्या दिवशी घरी वरण-भात. तुमची आवड वेगळी असू शकते, निवांत जेवत ऐकणं यात कमीपणा काही नाही, आणि माझ्या ओळखीतले निम्मे लोक तेच करून खूश होऊन परततात. मात्र शनिवारचं व्हॅनगार्डचं तिकीट लवकर संपतं, तेव्हा दोन्हीत घुटमळत असाल तर ते आधी काढून ठेवा आणि मग घुटमळा.