धातूच्या तारा, सिरॅमिक की अलाइनर? पुण्यातल्या खर्चाचा खरा हिशेब

मुलगी तेरा वर्षांची असताना तिच्या दातांसाठी आम्ही तीन ठिकाणी दाखवलं. सिंहगड रोडला घराजवळच्या दवाखान्यात ३५ हजार सांगितले, कोथरूडला ४८ हजार आणि बाणेरला १ लाख २० हजार. मुलगी तीच, पुढे आलेले वरचे दातही तेच. घरी येऊन तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा कळलं की हे तीन आकडे तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. तुम्हीही असेच दोन-तीन कागद घेऊन बसला असाल, तर आधी ते एका मापात आणा. त्याशिवाय तुलना होत नाही.

बाणेरचा आकडा अलाइनरचा होता, म्हणजे पारदर्शक साच्यांचा. उरलेले दोन्ही साध्या धातूच्या तारांचे. मग १३ हजारांचा फरक कशाचा? ३५ हजारांत फक्त तारा आणि दर महिन्याची तपासणी होती. एक्स-रेचे दीड हजार वेगळे. दात मागे घ्यायला जागा हवी म्हणून सुळ्यांमागचे चार दात काढायचे होते, त्याचे प्रत्येकी दीड हजार म्हणजे ६ हजार वेगळे. शेवटी दोन रिटेनर, म्हणजे तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे साचे, त्यांचे आणखी ६ हजार. बेरीज झाली ४८,५००. कोथरूडच्या ४८ हजारांत हे सगळं धरलेलं होतं. स्वस्त वाटलेला दवाखाना पाचशे रुपयांनी महागच निघाला, आणि निखळलेलं ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला तार धरणारा तुकडा, पुन्हा चिकटवायचे पैसे त्यात धरलेलेच नव्हते.

आता प्रकार बघू. पुण्यात साध्या धातूच्या तारांना साधारण ३० ते ५० हजार लागतात. स्टीलची छोटी ब्रॅकेट्स दातांवर चिकटवतात आणि त्यांतून तार ओवतात. सुरुवातीची तार निकेल-टायटॅनियमची असते. ती वाकवून बसवली तरी तोंडाच्या उबेत मूळ आकारात यायला बघते आणि दाताला हळूहळू ओढत राहते. एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवीन तयार होतं, आणि महिन्याला साधारण एक मिलिमीटर इतक्याच वेगाने दात सरकतो. हा वेग शरीराचा आहे. जास्त पैसे मोजून तो वाढत नाही, म्हणूनच दीड-दोन वर्षं लागतात. वेडेवाकडे, पुढे आलेले, फटीचे, एकावर एक चढलेले, जवळपास सगळ्या दातांवर धातूच्या तारा चालतात. वाढत्या वयाच्या मुलांसाठी माझं मत सरळ धातूच्या बाजूने आहे.

सिरॅमिकला ४५ ते ७० हजार. काम अगदी तेच, फक्त ब्रॅकेट दाताच्या रंगाचं. वरचे पैसे दिसण्याचे आहेत, आणि नोकरी करणाऱ्या किंवा लग्नाचं बघत असलेल्या माणसाला ते द्यावेसे वाटले तर त्यात गैर काही नाही. पण एक गोष्ट दवाखान्यात क्वचित सांगतात. ब्रॅकेट पिवळं पडत नाही, पण तार धरून ठेवणारं पारदर्शक रबर पडतं. माझ्या भाच्याने हौसेने सिरॅमिक लावलं आणि तिसऱ्या दिवशी आमटी-भात खाऊन आरशासमोर उभा राहिला, तर प्रत्येक दातावर हळदीचं एकेक कडं. पुढच्या तपासणीत रबर बदलेपर्यंत ते तसंच राहतं. आपल्या घरी हळदीशिवाय फोडणी होत नाही, म्हणजे दर महिन्याला हेच. शिवाय सिरॅमिक कडक असतं. खालच्या दातांवर लावलं आणि वरचे दात त्यावर टेकत असतील, तर वरच्या दातांचं आवरण झिजतं. म्हणून बरेच डॉक्टर वर सिरॅमिक आणि खाली धातू असं सुचवतात. तसं सांगितलं तर ऐका, पैसेही वाचतात.

सेल्फ-लायगेटिंग नावाच्या ब्रॅकेट्समध्ये रबराऐवजी ब्रॅकेटलाच छोटं झाकण असतं. ६० ते ९० हजार. दात लवकर सरळ होतात, दुखत कमी, असं सांगून ही विकली जातात. अभ्यासांत मात्र एकूण उपचाराचा काळ त्यामुळे लक्षणीय कमी झालेला दिसलेला नाही. खुर्चीत बसायचा वेळ थोडा वाचतो. तेवढ्यासाठी साध्या धातूपेक्षा ३०-४० हजार जास्त मी देणार नाही.

आतल्या बाजूने लावायच्या तारा लाखाच्या पुढेच सुरू होतात. बाहेरून अजिबात दिसत नाहीत, पण जीभ सोलवटते, सुरुवातीला बोलणं अडखळतं, आणि त्या नीट बसवणारे डॉक्टर मोजके.

राहिले अलाइनर. भारतीय बनावटीचे साधारण ७० हजार ते दीड लाख, इनव्हिजअलाइन या अमेरिकी ब्रँडचे २ ते साडेतीन लाख. माझी धाकटी नणंद हिंजवडीत आयटीत आहे, चौतिशीत तिने भारतीय बनावटीचे लावले. खालचे दात थोडे दाटीचे, एवढीच तक्रार होती, आणि तिला ते उत्तम लागू पडले. पण नियम कडक. दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवेत. खाताना आणि पाण्याशिवाय काहीही पिताना काढायचे, चूळ भरायची, दात घासायचे, मग परत घालायचे. ऑफिसात दिवसाला चार चहा घेणारी ती, दोन आठवड्यांत दुपारचे दोन्ही चहा तिने सोडले. शाळेत डबा खाऊन, दात घासून, साचा आठवणीने परत घालणारी तेरा वर्षांची मुलं मी फार बघितलेली नाहीत. आमच्याकडे बाणेरचा कागद बाजूला पडला तो याच कारणाने.

अलाइनर घेणार असाल तर शेवटी दात जागेवर आले नाहीत आणि नवे साचे करावे लागले, तर ते याच पैशांत आहेत का, हे लिहून घ्या. आणि फक्त ऑनलाइन माप पाठवून घरपोच मिळणारे साचे घेऊ नका. स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा तिचे पेशंट अर्धवट उपचारात लटकले. दात प्रत्यक्ष बघणारा डॉक्टर जवळ हवा.

डॉक्टरांबद्दलही विचारा. पुण्यात बऱ्याच छोट्या दवाखान्यांत तारांचे तज्ज्ञ महिन्यातून एकदाच येतात. मधेच तार गालाला टोचली तर मेण लावून वाट बघायची. कोथरूडचे डॉक्टर स्वतः एमडीएस ऑर्थोडोंटिस्ट, म्हणजे तारांचेच तज्ज्ञ होते आणि रोज बसत, आमचा निर्णय तिथेच झाला. अंतरही धरा. चार-सहा आठवड्यांनी एक फेरी म्हणजे दोन वर्षांत वीस-एक फेऱ्या, आणि संध्याकाळी सिंहगड रोडवरून बाणेर गाठणं काय असतं हे तुम्हाला माहीत आहे.

३० हजारही जड जात असतील तर दंत महाविद्यालयात जा. धनकवडीला भारती विद्यापीठ, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, वडगावला सिंहगड, पिंपरीला डी. वाय. पाटील. तिथे एमडीएस करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारा लावतात आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. अर्धा दिवस मोडतो. तीन वर्षांचा अभ्यासक्रम संपला की तुमचा विद्यार्थी डॉक्टर बदलू शकतो, म्हणून पहिल्या वर्षाला असलेल्याकडे नाव लागेल का बघा. मेडिक्लेमची आशा धरू नका, बहुतेक पॉलिसींत तारा बसत नाहीत. पैसे हप्त्यांनी द्या, सगळे आधी नको.

वीस महिन्यांनी मुलीच्या तारा निघाल्या. दोनच महिन्यांनी एका लग्नात तिने जेवताना खालचा रिटेनर काढून कागदी रुमालात गुंडाळला, आणि पत्रावळीबरोबर तो गेला. आम्ही कार्यालयाच्या मागे कचऱ्याच्या पिशव्या उघडून पाहिल्या, मिळाला नाही. नवीन होईपर्यंत दहा दिवस गेले, तेवढ्यात एक खालचा दात जिभेला जाणवण्याइतका वळला होता. त्या एका रिटेनरचे ३ हजार पॅकेजबाहेरचे. हरवला तर दुसरा कितीला, हेही पहिल्याच दिवशी त्या कागदावर लिहून घ्या, आणि डबी दप्तरात ठेवायची सवय लावा.