डब्ल्यूडीजी-3ए की डब्ल्यूडीजी-4: सायडिंगसाठी कोणतं इंजिन घ्यावं?

विद्युतीकरण वाढलं तशी रेल्वेची मोठी डिझेल इंजिनं मोकळी होऊ लागली आहेत. वीज केंद्र, बंदर किंवा पोलाद कारखान्याच्या खासगी सायडिंगसाठी (मुख्य मार्गापासून आवारात जाणाऱ्या रुळांसाठी) असं इंजिन घ्यायचं ठरलं की निवड बहुतेक वेळा डब्ल्यूडीजी-3ए (पुढे नुसतं 3ए) आणि डब्ल्यूडीजी-4 या दोघांत होते. दोन्ही सहा आसांची, प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर. वाराणसीच्या डिझेल रेल इंजिन कारखान्यानं (2020 पासून बनारस रेल इंजिन कारखाना) दोन्ही बनवली. नावातला जी मालगाडीचा, 3ए म्हणजे 3,100 अश्वशक्ती आणि 4 म्हणजे 4,000. पण अश्वशक्ती वेगात उपयोगी पडते, आणि सायडिंगवर वेग कुठे असतो? तिथं पाहायची ती ओढ, म्हणजे इंजिन किती जोरानं ओढतं ते.

3ए चं वजन 123 टन आणि सुटतानाची ओढ सुमारे 38 टन, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या 31 टक्के. डब्ल्यूडीजी-4 चं वजन जेमतेम तीन टनांनी जास्त, 126; ओढ मात्र सुमारे 53 टन, म्हणजे 42 टक्के. भरलेल्या 58 बॉक्सएन (कोळशासारखा माल नेणाऱ्या उघड्या) वाघिणींचा रेक, म्हणजे जोडलेली अख्खी रांग, साधारण 4,700 टन भरतो. दीडशेला एक (दीडशे मीटरला एक मीटर) असा चढ असेल, तर इंजिन धरून नुसता चढच 32 टन ओढ खातो. 3ए कडे रेक हलवायला सहा टन उरतात, डब्ल्यूडीजी-4 कडे एकवीस. अशा चढावर थांबलेला रेक एकटं 3ए उचलेल, असं मी कुणालाही सांगणार नाही. सपाट यार्डात किंवा अर्ध्या रेकला मात्र ते पुरून उरतं.

वजन जवळपास सारखं असून एवढी तफावत येते ती मोटरींमुळे. 3ए मध्ये डिझेल इंजिनानं फिरणाऱ्या अल्टरनेटरची (जनित्राची) एसी वीज रेक्टिफायरमधून डीसी होते आणि डीसी मोटरींना जाते. या मोटरींना कम्युटेटर आणि कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे, घासून झिजणारे भाग असतात. जड रेक घेऊन रांगत राहिलं की प्रवाह वाढतो आणि मोटर तापते, म्हणून तशी ओढ फार वेळ काढता येत नाही. डब्ल्यूडीजी-4 मध्ये तीन फेजच्या एसी मोटरी आहेत. त्यांना ना कम्युटेटर, ना ब्रश. शिवाय खाली बसवलेला रडार जमिनीवरचा खरा वेग मोजतो आणि नियंत्रक चाकाला घसरण्याच्या अगदी काठावर धरून ठेवतो. कॅसलरॉक ते कुळे हा 37 ला एक चढाचा ब्रागांझा घाट या इंजिनांनी, एकापेक्षा जास्त जोडून, वर्षानुवर्षं चालवला, ते याच गुणावर.

असं असूनही 3ए ला मोडीत काढू नका. 1964 मध्ये वाराणसीतून पहिलं डब्ल्यूडीएम-2 बाहेर पडलं, तेव्हापासूनचं अल्को या अमेरिकी कंपनीच्या घराण्याचं 251 मालिकेचं डिझेल इंजिन 3ए मध्ये आहे. सोळा सिलिंडर, चार स्ट्रोक. नव्वदच्या दशकात 3ए ला जास्त पकडीची नवी बोगी (आस आणि मोटरी धरणारा चाकांचा सांगाडा) मिळाली. तिच्यातल्या सगळ्या मोटरी एकाच दिशेला बसवल्यामुळे सुटताना पुढच्या आसांवरचं वजन कमी उचललं जातं. हे इंजिन उघडून बसवलेले फिटर गावोगावी सापडतील. नॉच (शक्तीची पायरी) वाढवल्यावर निघणारा काळा धूर पाहून ते टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची, तब्येत सांगतात. आता त्याचं उत्पादन थांबलं आहे, त्यामुळे सुटे भाग आधी जमवून ठेवावे लागतील. एक इंजिन चालवायचं असेल तर दुसरं सुट्या भागांसाठी घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

डब्ल्यूडीजी-4 अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या आराखड्यावरचं. पहिली खेप 1999 मध्ये आयात झाली, मग ते वाराणसीत बनू लागलं. त्याचं 710 मालिकेचं इंजिन दोन स्ट्रोकचं. टर्बो कमी भारावर गिअरनं फिरतो, त्यामुळे सुरुवातीपासून हवा मिळते आणि धूर कमी. एखादा सिलिंडर बिघडला तर हेड, लायनर, पिस्टन असा अख्खा संच काढून दुसरा बसवता येतो. इंजिनाची ही रचना मला मनापासून आवडते. डायनॅमिक ब्रेकच्या (मोटरींनाच जनित्र बनवून वेग कमी करणाऱ्या ब्रेकच्या) ग्रिडवरच, म्हणजे ती वीज उष्णतेत जिरवणाऱ्या रोधकांवर, त्याची पूर्ण भाराची चाचणीही होते, त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. मात्र प्रत्येक बोगीला एकच इन्व्हर्टर (डीसीची तीन फेजची एसी वीज करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) असलेल्या इंजिनात एक इन्व्हर्टर गेला की निम्मी ओढ गेली. ते काम पाना-हातोडीचं नाही. दुरुस्तीचा पक्का करार नसेल तर हे इंजिन दारात उभं राहील.

म्हणून माझा कौल असा: रोज पूर्ण रेक आणि वाटेत चढ असेल तर डब्ल्यूडीजी-4, तेही कराराशिवाय नको. मार्ग सपाट, काम थांबून थांबून आणि हाताशी अल्कोचा अनुभवी फिटर असेल तर 3ए.

सही करण्याआधी रुळांकडे बघा: आसभार (एका आसावर येणारं वजन) 3ए चा 20.5 टन, डब्ल्यूडीजी-4 चा 21. दोन्हींना बहुधा एकच केबिन असते, लांब हूड (यंत्रं झाकणारा लांब भाग) पुढे करून चालवताना समोरचं कमी दिसतं. वळणावळणाच्या सायडिंगवर शंटरची (यार्डात इंजिन हलवणाऱ्या कर्मचाऱ्याची) जागा आधी ठरवा. मग शेवटच्या पीओएचची (ठरावीक काळानं होणाऱ्या संपूर्ण दुरुस्तीची) तारीख, मोटरींची मेगर चाचणी (विद्युतरोधनाची तपासणी), वंगण तेलात पाणी उतरलंय का आणि चाकांचा व्यास तपासा. नवं चाक दोन्हींचं 1,092 मिलिमीटर. किती झिजलंय, ते समोर मोजून घ्या.