पाणी न धरणारा पत्रा: भोसरीतल्या प्लेटिंगवाल्याचा अनुभव

गच्चीवरच्या सेन्सर बॉक्सवर पावसात पाणी साचून राहायचं म्हणून भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या प्लेटिंगवाल्याकडून (विजेने धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढवणारे) तांब्याचे ६ पत्रे करून आणले आणि खरं सांगतो, घरी आल्यावर १५ मिनिटं मी नुसतं ड्रॉपरने पाणी टाकून बघत होतो. थेंब टिकतच नाही! अळूच्या पानावर पाणी मोत्यासारखं पळतं ना, डिट्टो तसंच, आणि जाता जाता धूळ पण उचलून नेतं.

काकांनी सगळं काम समोर करून दाखवलं, हे फार आवडलं. पत्रा आधी ॲसिडमध्ये साफ, मग निकेलच्या बाथमध्ये, म्हणजे निकेलच्या क्षाराच्या द्रावणात, विजेच्या निगेटिव्ह टोकाला जोडून, आणि करंट मुद्दाम जास्त, म्हणजे चकचकीत थर न येता बारीक खडबडीत काळपट थर चढतो. पण तेवढ्यावर पाणी उलट पसरतं बरं का! नंतर अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या स्टिअरिक ॲसिडमध्ये, तेच मेणबत्तीत घालतात ते, बुडवून वाळवला की मग थेंब गोल उभा राहतो. पाण्याचा संपर्ककोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी थेंबाच्या आतून जो कोन करते तो, १५० अंशांच्या वर गेला की त्या पृष्ठभागाला सुपरहायड्रोफोबिक, म्हणजे पाणी अजिबात न धरणारा, म्हणतात.

तक्रार एकच, घासलं की संपलं. २ पत्रे मी घासणीने पुसले, आता तिथे पाणी चिकटतं, हे त्यांनी देतानाच सांगायला हवं होतं. बाकीचे ४ अख्खा पावसाळा मस्त चाललेत. रोज हात लागणाऱ्या वस्तूला करू नका, तिरक्या बसवलेल्या पत्र्याला बिनधास्त करून घ्या.