किवीएसडीआर: अमळनेरात बसून अलास्का ऐकायचं यंत्र

घरचा शॉर्टवेव्ह रेडिओ लावला की इथे ऐकू येते ती शेजारच्या एलईडी बल्बांची आणि विहिरीवरच्या मोटारीची खरखर. म्हणून किवीएसडीआर ही फुकटातली सोय मला फार आवडली. जगभरच्या हौशी मंडळींनी आपापले रिसीव्हर इंटरनेटला जोडून ठेवलेत. ब्राउझर उघडायचा, नकाशावरून एक निवडायचा आणि ३० मेगाहर्ट्झपर्यंत हवं तिथे जायचं.

मी ते मुख्यतः हार्प ऐकायला वापरतो, म्हणजे आकाशात ताकदवान रेडिओ लहरी सोडून वरच्या हवेचा अभ्यास करणारं संशोधन केंद्र. अलास्कात गाकोनाला १८० अँटेना, ३.६ मेगावॅट ताकद, २.८ ते १० मेगाहर्ट्झचा पट्टा. ऐकल्याचा रिपोर्ट पाठवला तर क्यूएसएल कार्डही (ऐकल्याची पोचपावती) देतात. तिथली रात्र म्हणजे आपली दुपार, जागरण नाही.

कानाला नुसती शिट्टी, मजा आहे ती वॉटरफॉलमध्ये, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल आहे ते रेघांनी दाखवणाऱ्या सरकत्या चित्रात. झूम केलं की कधीकधी रेघ थोडी थोडी सरकवत नेलेली दिसते. ते उगाच नाही. वर दोन-अडीचशे किलोमीटरवर ही लहर इलेक्ट्रॉन तापवते, तापला की तिथला प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) विरळ होतो. विरळ जागेत लहरी अडकतात, ती आणखी तापते, आणखी विरळ होते. बघता बघता पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून लांबलचक धागे तयार होतात. पण इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती ज्या गतीने घिरट्या घालतात, तिच्या नेमक्या पटीवर फ्रिक्वेन्सी आली की धागे दुबळे पडतात. ती जागा शोधायला ही सरकवासरकवी! कळल्यापासून मी शिट्टीला कंटाळत नाही.

आमच्या आबांचा एकच प्रश्न, "यानाघाई पानी पडस का रे भाऊ?" नाही आबा. ढग असतात तिथली हवा या लहरी शोषतच नाही. कपाशीला उपयोग शून्य.

आता खोट. धागे स्वतः इथे दिसत नाहीत, त्याला रडार लागतं. तापणं-विरळ होणं असं वाढत जाणाऱ्या या अस्थिरतेतून मूळ रेघेच्या आजूबाजूला जे क्षीण उत्सर्जन उमटतं (नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या प्रयोगांवरून १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झालं), तेही मला कधी सापडलेलं नाही. एका रिसीव्हरवर मोजकीच माणसं मावतात, प्रयोगाच्या वेळी अलास्कातले सगळे भरलेले, आणि काही मालक ठरावीक वेळ झाली की बाहेर काढतात. मोबाइलवर तर बटणं बोटाखाली दडून जातात, लॅपटॉपच घ्या. पाचपैकी चार तारे.