टायमरचा डबा: खा-खा सुटते तेव्हा कितपत कामाचा?

'किचन सेफ' या नावाने अमेरिकेत निघालेला, आता 'केसेफ' म्हणून विकला जाणारा हा प्लास्टिकचा डबा. झाकणावरची चकती फिरवून वेळ लावायची आणि दाबायची. 1 मिनिटापासून 10 दिवसांपर्यंत झाकण उघडत नाही. मध्येच मन बदललं तरी नाही. तशाच बनावटीचे इतर डबेही ऑनलाइन मिळतात.

डबा चोख काम करतो. पण रिकाम्या पोटी वापरला तर उलटतो. सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी पोळी, आणि संध्याकाळी सातला फरसाणाची अख्खी पिशवी: यात दोष संध्याकाळचा नाही, सकाळचा आहे. कडक उपासानंतर रात्री ताबा सुटतो तो याच कारणाने. म्हणून डबा मागवण्याआधी निदान दोन आठवडे तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी घड्याळ लावून घ्या. दोन खाण्यांत 3-4 तासांपेक्षा जास्त खंड नको. खाण्यावरचा ताबा वारंवार सुटण्याच्या त्रासावरच्या उपचारातही सुरुवात इथूनच होते.

मग डबा लावायचा तो जेवण झाल्या झाल्या, खाण्याची हुक्की येण्याआधी. पुढच्या खाण्यासाठी वाटीभर चिवडा बाहेर काढा, उरलेलं पाकीट आत. टायमर त्या ठरलेल्या खाण्यापर्यंतच. दहा दिवसांची मुदत मोहात पाडते, पण तेवढ्या दिवसांत पदार्थ 'निषिद्ध' होऊन बसतो आणि झाकण उघडलं की 'आज खाऊन घेऊ, उद्यापासून बंद' सुरू होतं. पोळी-भाजी, भात, फळं यांना कुलूप कधीच नाही. पारदर्शक डबा घेऊ नका. पदार्थ समोर दिसत राहिला की हुक्की वाढते.

हुक्की आलीच तर स्वयंपाकघरातून बाहेर पडा. वहीत वेळ, जागा, मनात काय चाललंय आणि तीव्रता 0 ते 10 लिहा. दर पाच मिनिटांनी आकडा पुन्हा लिहा. तो आधी चढेल, म्हणून घाबरू नका. बऱ्याचदा अर्ध्या तासात उतरायला लागतो. डब्याने विकत मिळतो तो हा अर्धा तास, बाकी काही नाही. कोपऱ्यावरचा वाणी आणि घरपोच खाणं देणारी ॲप त्याच्या ताब्यात नाहीत, तेव्हा ॲपमधलं साठवलेलं कार्डही काढून टाका.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर किंवा ग्लुकोज कधीही आत ठेवू नये. खाऊन उलटी काढणाऱ्यांनी किंवा वजन फार घटलेल्यांनी हा डबा न घेता आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं; 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो.

आणि टायमर ज्याचा त्यानेच लावायचा. आई किंवा नवऱ्याने लावला की खाणं चोरून सुरू होतं.