खिम्याच्या गोळ्यांचं सूप: चारांतलं कोणतं करावं?

अर्धा किलो खिमा हाताशी असेल, तर आधी ठरवा: गोळा मऊ हवा की दाताखाली उसळणारा? मऊ हवा असेल तर मेक्सिको, ग्रीस किंवा रुमानिया. उसळणारा हवा तर इंडोनेशियाचा बाक्सो.

नवख्यानं मेक्सिकोच्या अल्बोंदिगासपासून सुरुवात करावी. हे नाव अरबी 'अल-बुंदुक'चं, म्हणजे हेझलनट. मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधून ते पुढे अमेरिकेत पोचलं. खिम्यात ५० ग्रॅम तांदूळ, एक अंडं, पुदिना, रस्सा टोमॅटोचा. गोळे मंद उकळत्या रश्शात सोडा आणि पहिली दहा मिनिटं डाव घालू नका. खळखळ उकळी आली तर ते फुटतात. यात बिघडण्यासारखं एवढंच.

ग्रीक युवार्लाकियात तांदूळ दुप्पट, तोही कच्चाच. तो फुगतो, म्हणून गोळे अक्रोडाएवढेच वळा आणि ३०-३५ मिनिटं शिजू द्या. खरी कसोटी शेवटच्या अवगोलेमोनोची. दोन अंडी फेटून दोन लिंबांचा रस मिसळा, त्यात दोन पळ्या गरम रस्सा बारीक धारेनं घालत फेटत राहा, मग भांडं आचेवरून उतरवून हे सगळं सुपात ओता. त्यानंतर उकळी आली की अंडं फाटलंच. उरलेलं सूप गरम करतानाही हीच भीती, त्यामुळे हे ताजंच संपवायचं.

दोन दिवस पुरवायचं असेल तर रुमानियाची चोर्बा दे पेरिशोआरे बरी. तिचा आंबटपणा बोर्शचा, म्हणजे गव्हाचा कोंडा आंबवून काढलेल्या पाण्याचा. ते वेगळं उकळून, भाज्या शिजल्यावरच घालतात. आंबट आधी पडलं की गाजर मऊ व्हायचं नाव घेत नाही. शेवटी लेउश्तान हा सेलरीच्या वासाचा पाला. बोर्शऐवजी लिंबू चालतं, पण चव हलकी पडते.

बाक्सोला तांदूळ नाही. चरबी कमी असलेलं ५०० ग्रॅम बीफ, १० ग्रॅम मीठ, ६० ग्रॅम टॅपिओका स्टार्च आणि १०० ग्रॅम बर्फ मिक्सरमध्ये चिकट होईपर्यंत वाटा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटून एकमेकांना धरतात. उसळी त्यातूनच येते. बर्फ चवीसाठी नसतो. वाटताना मिश्रण तापलं तर चरबी सुटते आणि गोळा भुसभुशीत होतो, मग कितीही स्टार्च घाला. मुठीतून अंगठ्याजवळून पिळून, चमच्यानं गरम पण न उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले की आणखी दोन-तीन मिनिटं ठेवून काढा.