चरबी ‘जाळणारी’ कॅप्सूल : दोन महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझ्या धाकट्या भावाने गेल्या जूनमध्ये घोडबंदर रस्त्यावरच्या एका दुकानातून एल-कार्निटीनच्या (पेशीत चरबीची वाहतूक करणाऱ्या द्रव्याच्या) कॅप्सूलची बाटली आणली आणि पैसे चुकते केल्यावर मला फोन करून विचारले, ‘‘ताई, हे घेतलं तर चालेल ना?’’ मी ठाण्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातले असे प्रश्न माझ्याकडेच येतात. त्याने दोन महिन्यांत दोन बाटल्या संपवल्या. हा अभिप्राय त्या अनुभवावरून आणि वेष्टन बारकाईने वाचून लिहिते आहे.

साठ कॅप्सूलची बाटली ११५० रुपयांना मिळाली. झाकणाचे सील व्यवस्थित होते, परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख स्पष्ट छापलेली होती. या बाबतीत तक्रार नाही. तक्रार आकड्याबद्दल आहे. समोर ठळक अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ असे लिहिले असून मागच्या बाजूला, भिंग धरूनच वाचता येईल अशा अक्षरांत, हे वजन ‘एल-कार्निटीन एल-टार्ट्रेट’चे, म्हणजे कार्निटीन आणि टार्टरिक आम्ल यांच्या क्षाराचे, आणि तेही दोन कॅप्सूल मिळून असल्याचे दिले आहे. टार्ट्रेटचा भाग वगळला तर त्यात प्रत्यक्ष कार्निटीन सुमारे ६८० मिलिग्रॅमच उरते. पूरक स्वरूपात घेतलेल्या कार्निटीनपैकी साधारण ५ ते १८ टक्केच शरीरात शोषले जाते, म्हणजे रोज फार तर सव्वाशे मिलिग्रॅम पदरात पडणार. आणि प्रौढ माणसाच्या शरीरात मुळातच वीस-पंचवीस ग्रॅम कार्निटीन असते, त्यातले जवळजवळ सगळे स्नायूंत.

दुकानातल्या मुलाने भावाला सांगितले होते, ‘‘सर, घाम जास्त आला की समजायचं चरबी वितळतेय.’’ हे साफ चुकीचे आहे, आणि ग्राहकाला असे सांगितले जाऊ नये असे मला मनापासून वाटते. आपण खाल्लेल्या अन्नातली गरजेपेक्षा जास्तीची ऊर्जा मेदपेशींत ट्रायग्लिसराइडच्या रूपात साठते. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लांचे तीन रेणू जोडलेले असतात. एका ग्रॅम चरबीत ९ किलोकॅलरी मावतात, पिष्टमय पदार्थांत ४, शिवाय ग्लायकोजेन (शरीरातला पिष्टमय साठा) साठवताना त्याच्याबरोबर पाणीही बाळगावे लागते, म्हणून शरीर दीर्घ मुदतीची ठेव चरबीतच ठेवते. ही ठेव मोडायची वेळ संप्रेरके ठरवतात. जेवणानंतर इन्सुलिन वाढलेले असताना साठवण चालू राहते आणि चरबीचे विघटन थांबते. उपाशीपोटी किंवा व्यायामाच्या वेळी इन्सुलिन उतरते, अ‍ॅड्रिनॅलिन वाढते आणि लायपेज विकरे (एन्झाइम) ट्रायग्लिसराइड फोडून मेदाम्ले मोकळी करतात. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून स्नायूंपर्यंत येतात.

कार्निटीनचे काम यानंतर सुरू होते. लांब साखळीच्या मेदाम्लांना तंतुकणिकेचे (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतले ऊर्जाघर) आतले आवरण स्वतःहून ओलांडता येत नाही. कार्निटीन खाडीवरच्या तरीतल्या नावाड्यासारखे त्यांना पलीकडे पोचवते आणि पुढच्या खेपेसाठी रिकामे परत येते. परत येते, म्हणजे खर्च होत नाही, हे इथे सर्वांत महत्त्वाचे. आत गेल्यावर रासायनिक क्रियेच्या दर फेरीला मेदाम्लाचे दोन-दोन कार्बनचे तुकडे तुटतात. फ्रान्झ नूप या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगातून ही रीत दाखवली. सोळा कार्बनच्या पामिटिक आम्लाच्या सात फेऱ्यांत आठ तुकडे होतात आणि शेवटी एकूण सुमारे १०६ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) हाती लागतात. मात्र आत जाण्याच्या धक्क्यावर मॅलोनिल-कोएचा पहारा असतो. पेशीत ग्लुकोज मुबलक असले की हे द्रव्य वाढते आणि मेदाम्लाला कार्निटीन जोडणारे विकरच अडवून ठेवते. धक्काच बंद असेल तर नावाडी वाढवून उपयोग काय?

जळालेली चरबी जाते कुठे, याचा हिशेब रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन या संशोधकांनी २०१४ साली मांडला : १० किलो चरबीपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेल्या १.६ किलोचे पाणी होते. घाम हा शरीर थंड ठेवण्यासाठी असतो.

भाऊ रोज सकाळी दोन चमचे साखरेचा चहा आणि खारी खाऊन, वर कॅप्सूल गिळून उपवन तलावाला फेऱ्या मारायला जायचा. दोन महिन्यांत वजन दीड किलोने उतरले. पुढचे दोन महिने त्याने कॅप्सूल बंद केल्या, फेऱ्या चालूच ठेवल्या आणि चालण्याआधीची खारी सोडली. वजन आणखी दोन किलोने उतरले. एका माणसाच्या अनुभवाने काही सिद्ध होत नाही, हे मी वर्गात नेहमी सांगते. पण कार्निटीनच्या अनेक चाचण्या एकत्र करून काढलेला वजनातला सरासरी फरकही साधारण एक-सव्वा किलोचाच आहे, आणि बाटलीवरच्या कंबर निम्मी झालेल्या चित्राशी त्याचा काही मेळ नाही.

कार्निटीन निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. ज्यांच्या पेशींत ते जन्मतःच नीट पोचत नाही, अशा मुलांसाठी ते जीव वाचवणारे औषध आहे, आणि ते डॉक्टरच देतात. निरोगी माणसाचे यकृत व मूत्रपिंड ते लायसीन आणि मेथिओनीन या अमिनो आम्लांपासून स्वतः तयार करतात. त्यामुळे शाकाहारी माणसालाही सहसा त्याची उणीव भासत नाही, आणि जास्तीचे लघवीवाटे निघून जाते. दिवसाला तीन ग्रॅमच्या आसपास घेतले तर मळमळ, जुलाब आणि अंगाला माशांसारखा वास येण्याचा त्रास होऊ शकतो. दुकानात दुप्पट मात्रा घेण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नये.

तिसरी बाटली भावाने आधीच घेऊन ठेवली होती. ती न उघडलेली असूनही दुकानाने परत घेतली नाही. बिलावर तशी अट कुठेही नव्हती. टार्ट्रेटचे वजन आणि कार्निटीनचे वजन समोरच्याच बाजूला वेगवेगळे छापावे, असे मी कंपनीला लेखी कळवले आहे. त्याला अजून उत्तर आलेले नाही.